वातावरण बदललंय, संस्थेनं आता बोलायचं कसं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. तुमची संस्था कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर आणि शिरोळ तालुक्यांत १८ वर्षं एकल महिला आणि किशोरवयीन मुलींसोबत काम करते. गेल्या वर्षभरात तीन गोष्टी घडल्या. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरलेलं मुलींचं सत्र आदल्या संध्याकाळी फोन करून रद्द केलं. सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा निधी, देणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्यानं अहवालातून ‘वंचित’ आणि ‘जातीय भेदभाव’ हे शब्द काढायला सांगितले. आणि एका गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुमच्या कार्यकर्तीचा फोटो फिरला, खाली ओळ: ‘ही संस्था अमक्या पक्षाची, सावध राहा.’ विश्वस्तांमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतात सहा महिने गप्प बसू, दुसरे म्हणतात पत्रकार परिषद घेऊन उत्तर देऊ. तुमचं विचारणं असं, की भाषा बदलायची, माध्यमं बदलायची, की कामच बदलायचं?

मी २६ वर्षं कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या लहान संस्थांसाठी हेच काम करते. अहवाल, पत्रकं, गावातल्या बैठकांची आखणी, आणि अडचण आली की कुणी, कुठं, काय बोलायचं. एवढ्या वर्षांत संस्थांवर वेळ आलेली खूपदा पाहिली. गावातलं कोण संस्थेच्या बाजूनं उभं राहून बोललं, यावरच दर वेळी पुढचं ठरलं. संस्थेनं काढलेल्या निवेदनानं वारं फिरल्याचं मला एकदाही आठवत नाही. म्हणून सांगते, तुमची संवादनीती वेबसाइटवरून सुरू करू नका. आपल्यासाठी बोलणारी माणसं प्रत्येक गावात कोण आहेत, हे आधी लिहून काढा.

पण आधी तुमच्या तिन्ही घटना सुट्या करा. त्यांना एकच औषध चालणार नाही.

मुख्याध्यापक तुमच्या विरोधात आहेत असं मला वाटत नाही. त्यांना कुणाचा तरी फोन आला, आणि फोन करणाऱ्याला दाखवायला त्यांच्याकडे एकही कागद नव्हता. तो कागद त्यांना मिळवून देणं हे आपलं काम. शिक्षण हक्क कायद्यानं अनुदानित शाळांतही शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. सत्राआधी या समितीसमोर आणि आयांच्या बैठकीत तुमचे सगळे तक्ते, सगळी चित्रं दाखवा. एकही चित्र मागं ठेवू नका. हातकणंगले तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही हे केलं, तेव्हा पाळीच्या तक्त्यावर बराच वेळ शांतता होती. मग मागच्या रांगेतली, डोक्यावर पदर घेतलेली एक आई उठली आणि म्हणाली, “आमाला ह्यातलं कुणी काय सांगितलंच न्हाई. पोरींस्नी तरी सांगा.” ठरावावर पहिली सही तिची झाली. चार महिन्यांनी त्या मुख्याध्यापकांनाही फोन आला. त्यांनी एवढंच सांगितलं, “पालकांचा ठराव आहे, तुम्हीही या बसायला.” सत्र झालं. फोन करणारे आले नाहीत, पण त्यांच्या घरची मुलगी सत्राला होती.

सीएसआरचा अधिकारी वेगळ्या कात्रीत आहे. त्याचा अहवाल पुणे-मुंबईच्या कार्यालयात कुणीतरी पंधरा मिनिटांत चाळणार असतो, आणि एखादा शब्द खटकला तर विचारणा त्याला होते. त्याच्याशी तत्त्वावरून भांडून निधी जाईल आणि त्या माणसाची नोकरी अडचणीत येईल, दुसरं काही होणार नाही. पण तो म्हणेल ते मुकाट खोडायचं, हेही मला मान्य नाही. त्यासाठी शब्दांची नीट छाननी करावी लागते. यावर जरा सविस्तर बोलते, कारण बहुतेक संस्था इथंच चुकतात.

काही शब्द आपल्या हातातून राजकारणानं नेले. यात कुणाचा दोष नाही, पण ते गेले हे खरं. आमच्या मुलींच्या शिबिराच्या निमंत्रणपत्रिकेवर वर्षानुवर्षं मशालीचं चित्र असायचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये मशाल एका पक्षाचं चिन्ह झाली आणि डिसेंबरच्या शिबिराची पत्रिका घेऊन गेलेल्या आमच्या मुलीला सरपंचांनी दारातच विचारलं, “प्रचार सुरू केलासा व्हय?” आम्ही मशालीच्या जागी पणती काढली. २०२४ मध्ये तुतारीचंही तसंच झालं. तुमच्या अहवालातला ‘वंचित’ हा शब्द २०१८ पासून पक्षाच्या नावात आहे. ‘स्वाभिमानी’, ‘जनसुराज्य’, ‘नवनिर्माण’, ‘ताराराणी’ हे पक्ष-आघाड्यांच्या नावांतले शब्द आपल्या जिल्ह्यात उच्चारले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं माणसं उभी राहतात, अर्थ नंतर येतो. असे शब्द आणि चित्रं खुशाल बदला, अगदी मंडपाच्या कापडाच्या रंगापर्यंत. त्यात काही गमावत नाही.

दुसरे शब्द आपण संस्थावाल्यांनी स्वतःच तयार केलेले: सक्षमीकरण, लिंगभाव, पितृसत्ता, हितसंबंधी घटक, क्षमताबांधणी. हे शब्द गावात कुणाला कधी कळलेच नव्हते. विरोध नव्हता तोपर्यंत ते खपून गेले. आता ते न कळणारा माणूस शंका घेतो, आणि त्याची शंका मला रास्त वाटते. ‘पितृसत्तेवर सत्र’ लिहिण्यापेक्षा ‘सातबारावर बायकोचं नाव कसं लावायचं’ असं लिहा. बाया जास्त येतील, पुरुषही येतील, आणि काम तेच होईल.

तिसऱ्या प्रकारचे शब्द मात्र सोडायचे नाहीत. माणसाची ओळख सांगणारे आणि अन्यायाचं नाव सांगणारे. दलित वस्ती, मुस्लिम मोहल्ला, विधवा, टाकलेली बाई, हक्क. हे शब्द अहवालातून गेले की ती माणसंही हिशोबातून जातात; पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात त्यांच्यासाठी रकाना उरत नाही. तुमच्या कंपनीच्या अधिकाऱ्याला ‘जातीय भेदभाव’ हा शब्द खुपत असेल, तर त्या जागी पाहिलेली गोष्ट लिहा: गावात नळयोजना पूर्ण झाली, अमुक वस्तीतल्या इतक्या घरांना जोडणी नाही, ती वस्ती अनुसूचित जातीची आहे, अर्ज अमुक तारखेला दिला, उत्तर आलं नाही. विशेषण गेलं तरी चालेल, वस्तुस्थिती जाता कामा नये. माझा अनुभव असा, की असं वाक्य अधिकारी सहसा खोडत नाहीत, कारण त्यात खोडायला मत सापडत नाही. आणि तेही खोडायला सांगितलं, तर तो निधी कुठपर्यंत घ्यायचा याचा विचार विश्वस्तांनी करायची वेळ आली असं समजा.

इथंच माझा एक कडक नियम सांगते. अहवाल एकच असावा. देणगीदाराला एक, गावाला दुसरा, कार्यकर्त्यांच्या शिबिरात तिसरा, असं सुरू झालं की संस्था संपायला लागते. मांडणी बदलेल, बोली बदलेल, पानं कमी होतील. पण कंपनीला पाठवलेलं पान ग्रामसभेत मोठ्यानं वाचताना तुमच्या कार्यकर्तीला अडखळावं लागता कामा नये. आज प्रत्येकाच्या हातात फोन आहे. बंद खोलीत बोललेलं वाक्य संध्याकाळपर्यंत गावात पोचतं, तेही अर्धंच.

आता व्हॉट्सअॅपवरचा फोटो. त्या ग्रुपवर संस्थेच्या नावानं उत्तर टाकू नका, पत्रकार परिषद तर मुळीच नको. ३०० माणसांनी पाहिलेला आरोप तुम्ही ३० हजारांपर्यंत पोचवाल. उत्तर त्याच ग्रुपवर, त्याच गावच्या माणसानं, त्याच दिवशी द्यावं. मजकूर साधारण असा: ‘ही ताई आठ वर्षं आपल्या गावात येते. माझ्या बहिणीचे निराधार योजनेचे कागद हिनंच केले. संस्था नोंदणीकृत आहे, हिशोब बघायचा असेल तर शनिवारी अंगणवाडीत या, वही घेऊन बसणार आहे.’ यात आरोपाचा उल्लेखही नाही, तरी उत्तर पुरं झालं. आणि शनिवारी खरंच वही घेऊन बसा. कुणी आलं नाही तरी दोन तास बसा.

हे लिहिणारं माणूस आयत्या वेळी सापडत नाही, ते आधीच असावं लागतं. आम्ही प्रत्येक गावासाठी एक वही ठेवतो. आपल्याकडे गाव म्हटलं की दोन गट आलेच. कारखान्यावरून, दूध संघावरून, नाहीतर जुन्या भावकीवरून. वहीत दोन्ही गटांचं किमान एकेक नाव हवं. शिवाय आशाताई किंवा अंगणवाडीसेविका, दूध संस्थेचे सचिव, तालमीचा किंवा तरुण मंडळाचा एक पोरगा, आणि देवळात किंवा मशिदीत ज्यांचा शब्द मानतात असं एक वडीलधारं. प्रत्येक नावापुढं लिहायचं: यांचं किंवा यांच्या घरच्यांचं आपण कोणतं काम केलंय? शेवटची भेट कधी? ज्या गावाच्या वहीत एका गटाचं पान कोरं असेल, तिथं पहिली ठिणगी पडते. तुमचा फोटो ज्या गावात फिरला तिथली वही आठवून पाहा. माझा अंदाज, तिथं बैठका वर्षानुवर्षं एकाच गटाच्या माणसाच्या सोप्यात होत असणार. बसायला चटई आणि चहा कुणाच्या घरचा, यावरून गाव संस्थेचा पक्ष ठरवतं. शाळेची खोली, अंगणवाडी, समाजमंदिर, आलटूनपालटून घ्या.

आमच्याकडे एक कार्यकर्ती होती, पन्नाशीची. एसटीच्या थांब्यावर एका पोरानं तिला सगळ्यांसमोर विचारलं, “ओ मावशी, कुणाची हो तुमची संस्था?” तिनं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, “तुझ्या आज्जीची पेन्शन मीच लावून दिलीया. घरला जा आणि आज्जीलाच इचार कुणाची ते.” पोरगं खरंच घरी गेलं असावं, कारण पुढच्या बैठकीला आजी स्वतः त्याला हाताला धरून घेऊन आली. त्या बाईंना मी काहीही शिकवलेलं नव्हतं. हा अख्खा विषय मी त्यांच्याकडून शिकले.

आता माझी चूक सांगते, कारण तुमच्याकडून ती होऊ नये. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळमधली गावं पाण्याखाली होती, पंचगंगा आणि कृष्णा दोन्हीकडून वेढा. मदत कुठूनही येत होती आणि कुणाची आहे हे बघायला उसंत नव्हती. धान्याचा एक टेम्पो आला, त्यावर एका इच्छुक उमेदवाराचा फलक. मी तो उतरवायला सांगितलं नाही. आमच्या मुली टेम्पोसमोर उभ्या राहिल्या, फोटो निघाला, मीच तो संस्थेच्या पानावर टाकला. त्याच ऑक्टोबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. पुढं तीन वर्षांनी सत्तेची गणितं उलटीपालटी झाली, आणि तो फोटो शोधून काढून गावोगाव फिरवला गेला. मदत खरी होती, धान्य खरं होतं, तरी त्या फोटोला उत्तर नव्हतं. दोन गावांत आमचं काम दीड वर्ष थांबलं, आणि त्या दीड वर्षात तिथल्या ज्या मुलींची लग्नं वेळेआधी लागली त्यांचे चेहरे माझ्यासमोर आहेत. तेव्हापासून नियम लेखी आहे: मदत कुणाचीही घेऊ, पण गाडीवरचा फलक गावाच्या वेशीबाहेर उतरेल, वाटपात कुणाचाही फोटो नाही, आमचासुद्धा नाही. मदत देणाऱ्याला हे पहिल्याच फोनवर सांगायचं. काहीजण नाराज होऊन दुसरीकडे जातात. जाऊ द्यावेत.

सरकारी योजनांच्या बाबतीतही हेच. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायला बायकांची झुंबड होती. २१ ते ६५ वय, अडीच लाखांच्या आतलं उत्पन्न, बँक खात्याला आधार जोडलेलं हवं, या सगळ्यात बाया गोंधळल्या होत्या. आम्ही टेबल मांडून अर्ज भरून दिले. लगेच काहींनी आम्हाला सत्ताधाऱ्यांचं ठरवलं. याच लोकांच्या विरोधी बाजूनं दोन वर्षांपूर्वी आम्हाला विरोधकांचं ठरवलं होतं! टेबलामागं आम्ही एकच कागद लावला होता: ‘शासनाची योजना. अर्ज भरून देण्यास पैसे लागत नाहीत.’ कुठल्याही नेत्याचं नाव नाही, कुठल्याही पक्षावर टीका नाही. योजना चांगली का वाईट हे त्या टेबलावर बोलायचं नाही, हे मुलींना आधीच सांगितलं होतं. ज्या बाईचा अर्ज विनाकारण नाकारला गेला तिच्यासाठी मात्र तहसील कार्यालयात आम्ही तेवढ्याच ठामपणे उभ्या राहिलो.

निवडणुकांच्या काळाबद्दल विश्वस्तांनी काही गोष्टी कागदावर ठरवून घ्याव्यात. उमेदवाराशी संबंधित कोणत्याही पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव हवं, हे लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ क सांगतं. म्हणून ‘मतदान जरूर करा’ याच्या पुढं एक शब्दही छापू नका. आचारसंहितेत शासकीय सभागृहातले कार्यक्रम शक्यतो पुढं ढकला. तुमची कार्यकर्ती ग्रामपंचायतीला उभी राहत असेल तर आनंदच आहे, बायांनी राजकारणात यायलाच हवं. पण अर्ज भरल्या दिवसापासून निकालापर्यंत रजा, आणि निवडून आली तर पगारी पद सोडायचं. संस्थेची गाडी, लेटरहेड, ग्रुप यातलं काहीही प्रचाराला नाही. कार्यकर्त्यांनी स्वतःच्या फोनवर काय टाकावं यावर मी बंदी घालत नाही, त्यांनाही मतं आहेत. फक्त प्रोफाइलवर संस्थेचं नाव असेल तर स्टेटस टाकण्याआधी एक रात्र थांबा, एवढं मागते.

हे ‘एक रात्र थांबा’ उगाच आलेलं नाही. ७ जून २०२३ ला आपल्या कोल्हापूर शहरात काय झालं ते तुम्ही पाहिलंच. काही आक्षेपार्ह स्टेटसवरून ठिणगी पडली, बंद पुकारला गेला, दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद केलं गेलं. त्या दिवशी मला आमच्या कामाचं खरं छिद्र दिसलं. सगळा संपर्क व्हॉट्सअॅपवर. शहरातल्या दोन वस्त्यांमधल्या ६० बायका सुरक्षित आहेत का, हे विचारायला माझ्याकडे त्यांचे नंबरच नव्हते. नंबर ग्रुपमध्ये होते आणि ग्रुप उघडत नव्हता. शेवटी एका मुलीकडे बचत गटाची जुनी वही निघाली, तिच्यात पेनानं लिहिलेले ४० नंबर. साध्या फोननं एकेक लावत गेलो. एक मुस्लिम बाई फोनवर रडतच होती, आणि तिच्या शेजारची दुसऱ्या धर्माची बाई मागून ओरडून सांगत होती, “सांग त्यांना, मी हितंच हाय हिच्याजवळ.” त्या दिवशी आम्ही कुठलंही निवेदन काढलं नाही. पण पुढच्याच आठवड्यात त्या दोघींना शेजारीशेजारी बसवून वस्तीची बैठक घेतली, आणि बोलणं त्या दोघींनीच केलं.

तेव्हापासून नावं आणि नंबर कागदावर, दर तीन महिन्यांनी तपासून. आणि निरोपासाठी फोनशिवायचे मार्ग जिवंत ठेवलेत. खेड्यात सकाळी दूध संस्थेवर अख्खं गाव येऊन जातं, तिथल्या फळ्यावर खडूनं लिहिलेल्या दोन ओळी पुरतात. शहरात पेठेतल्या तालमी आहेत. तालमीच्या कट्ट्यावर बायकांच्या संस्थेचं काय काम, असं मलाही पूर्वी वाटायचं. पण पुरात होड्या घेऊन पहिल्यांदा निघणारी पोरं तिथलीच असतात, आणि त्यांच्या बहिणी, वहिन्या आपल्याच गटात असतात. त्यांच्या रक्तदान शिबिराला जा, फुटबॉलच्या सामन्याला जा. ओळख असलेलं माणूस फॉरवर्ड करण्याआधी एकदा फोन करून विचारतं.

विषय नाजूक असेल तर ठराव गावाचा होऊ द्या. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडचं उदाहरण तुमच्या कामाला अगदी जवळचं आहे. नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र नि जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव तिथल्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. कोरोनात तरुण नवरे गेले होते, घराघरांत पंचविशीच्या-तिशीच्या विधवा होत्या, दुःख गावानं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. विधवांबद्दल संस्था कित्येक वर्षं बोलत आल्या होत्या. ग्रामसभेनं म्हटल्यावर ते कुठल्या पक्षाचं राहिलं नाही. आता प्रत्यक्षात किती पाळलं जातं हा वेगळा प्रश्न, तिथं तुमचं काम अजून बरंच बाकी आहे. पण हळदीकुंकवाला विधवांना बोलावताना हातात ग्रामसभेचा ठराव असणं आणि संस्थेचं पत्रक असणं, यातला फरक तुमच्या कार्यकर्तीला विचारा.

शाहू महाराजांचं नाव आपण सगळेच घेतो. प्रत्येक पक्ष घेतो, म्हणून नुसत्या नावाला आता वजन राहिलं नाही. नाव घ्यायचं तर आदेश सांगा. २६ जुलै १९०२ ला करवीर संस्थानात ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, दसरा चौकाच्या परिसरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांची वसतिगृहं उभी केली. गावच्या बैठकीत ‘शाहूंचा विचार’ म्हटलं की माना डोलतात. ‘महाराजांनी पोर शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला होता’ म्हटलं की मुलीचं नाव काढून घेतलेला बाप खाली बघतो.

कायद्याचा भाग थोडक्यात, कारण यासाठी तुम्हाला चांगला सनदी लेखापाल हवा. परदेशी निधी घेत असाल तर त्यासाठीच्या कायद्यात (एफसीआरए) झालेल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. बातम्या किंवा चालू घडामोडींचं प्रसारण करणाऱ्यांना तो घेताच येत नाही, त्यामुळे तुमच्या मासिक पत्रिकेत बातमीसारखं काही नको, कामाचा वृत्तांत ठेवा. विश्वस्तांना धास्ती वाटत असेल तर मार्च २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांना वाचून दाखवा: राजकीय हेतू नसताना सनदशीर मार्गानं लोकांच्या प्रश्नाला पाठिंबा दिला, एवढ्यावरून संस्थेला राजकीय ठरवून परदेशी निधी नाकारता येत नाही. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळानं जनसुरक्षा विधेयक, म्हणजे संघटनांना बेकायदा ठरवण्याची तरतूद असलेलं विधेयक, मंजूर केल्यापासून आमच्या बैठकांत ‘जरा जपून’ हे शब्द फार ऐकू येतात. जपायचं ते कागदांत जपा. लेखापरीक्षण वेळेवर, धर्मादाय कार्यालयात विश्वस्त बदलाचे अर्ज वेळेवर, इतिवृत्त सह्यांसकट. ज्याचे कागद स्वच्छ, त्याच्यासाठी बोलायला माणसं कचरत नाहीत.

आणि भीतीबद्दल. तुमचे जे विश्वस्त गप्प बसू म्हणतात त्यांना भित्रे म्हणू नका. फेब्रुवारी २०१५ मध्ये सकाळी फिरून घरी परतताना कॉम्रेड गोविंद पानसरेंवर याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या, चार दिवसांनी ते गेले. त्यानंतर इथं बोलणाऱ्या प्रत्येकानं कधी ना कधी मागं वळून पाहिलंय, मीही पाहिलंय. पण गप्प बसण्याचा खर्च कोण भरतं ते त्यांना दाखवा. संस्था सहा महिने गप्प बसली तर कार्यालय सुरक्षित राहील, आणि गावात एकटी फिरणारी तुमची कार्यकर्ती उघडी पडेल, कारण तिला तर रोज उत्तर द्यावंच लागतं. म्हणून त्यांना सांगा, प्रसिद्धी सहा महिने कमी करू. वर्तमानपत्रातली छायाचित्रं, पुरस्कार, फेसबुकवरची पोस्ट, सगळं थांबवू. गावातल्या भेटी मात्र दुप्पट करू. हा मधला मार्ग दोन्ही तटांना पटतो असं मी पाहिलंय.

एका ठिकाणी मात्र थांबून मोठ्यानं बोलायचं. कुणाला तरी यादीतून वगळा असं सांगितलं गेलं तर. जुलै २०२१ च्या पुरात एका गावात आम्हाला सांगण्यात आलं, किट द्या, पण त्या चार गल्ल्या सोडा. आम्ही दोन्ही गटांच्या पुढाऱ्यांना चावडीसमोर बोलावलं, पाण्याची खूण कुठल्या भिंतीवर किती आहे ती सगळ्यांनी मिळून मोजली, आणि जिथं खूण सगळ्यात वर तिथून वाटप सुरू केलं. सुरुवात त्याच चार गल्ल्यांपासून झाली. भाषण कुणी केलं नाही, तरी गावात ज्याला त्याला समजलं. अशा वेळी निधी जातो का, माणसं तुटतात का, याचा हिशोब मी करत नाही.

राहिली नवी माणसं. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ ला निवडणूक होईपर्यंत कारभार प्रशासकांकडे होता. या काळात आपण सगळ्यांनी अधिकाऱ्यांशी बोलायची सवय लावून घेतली आणि लोकप्रतिनिधींशी बोलणं विसरलो. आता नव्यानं ओळख करून द्यायची आहे. एका पानाचं पत्र, मोठ्या अक्षरात: तुमच्या भागातल्या किती बायांसोबत काम करतो, गेल्या वर्षी काय झालं, तुमच्याकडून कोणतं एक काम हवंय. निवडून आलेल्यांना द्या, आणि हरलेल्यांनाही तेच पत्र, त्याच आठवड्यात द्या. हरलेला माणूस हे विसरत नाही.

तुमच्या हातातलं पहिलं काम सांगते. ज्या मुलीचा फोटो फिरला, तिला आज संध्याकाळी अध्यक्षांनी स्वतः फोन करावा. तुम्ही नाही, अध्यक्षांनी. तिच्या घरच्यांशीही बोलावं, कारण उद्या तिला कामावर पाठवायचं की नाही हे त्या घरात ठरणार आहे. शनिवारी अंगणवाडीत हिशोबाची वही घेऊन बसाल तेव्हा विश्वस्तांपैकी एकजण तिच्या शेजारी असावा. पुढच्या सोमवारी मुख्याध्यापकांकडे जाल तेव्हा तक्त्यांची पिशवी तिच्याच हातात द्या, आणि बोलायलाही तिलाच सांगा.